लांजेवार काकांची शब्दतपासणी

आमच्या प्रताप नगरातले लांजेवार काका भाजी घ्यायला गेले की आधी भाजी बघत नाहीत. भाजीवाल्याचा तराजू उचलतात आणि पारड्याखाली चुंबक चिकटवलंय का ते बघतात. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते निवृत्त झाले, पण त्यांचा संशय अजून नोकरीवर आहे. दूधवाला, रिक्षावाला, सख्खा जावई, त्यातून कोणीही सुटलेलं नाही.

काही महिन्यांपूर्वी त्यांनी इंग्रजी शिकायला घेतलं आणि तो संशय माझ्या घरात शिरला, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो.

"मास्तर, 'बिग' असताना 'लार्ज' काहून ठेवला?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दोन्ही चालतात, काका."

"दुकानदारही असंच म्हणे. गल्ल्याखाली किलोची दोन वजनं सापडली का म्हणे, दोन्ही चालते साहेब. एक माल घ्यायचं राहे, एक द्यायचं." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "काही तरी घोळ आहे."

तेव्हापासून धाडी सुरू झाल्या. मी आंघोळीला असलो तरी खिडकीबाहेरून हाक यायची, "हाऊस का होम?" माझं उत्तर घेऊन ते औषधाच्या दुकानात जात आणि तिथलं उत्तर घेऊन वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या मुलीकडे. उत्तरं जुळली नाहीत तर माझी उलटतपासणी. जुळली तर आणखीच पंचाईत. "तिघंही एकच बोलून राहिले. तुमचं आधीच ठरलं होतं का?"

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, या वयात विलायतेला जायचंय का?"

"धंतोलीले जायचं आहे," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

धंतोलीत काकूंचे डॉक्टर होते. काकूंचं पोट बरेच दिवस दुखत होतं, तपासण्या चालू होत्या. काकांची पक्की खात्री होती की डॉक्टर घरच्यांशी मराठीत बोलतात ते वेगळं आणि आपसांत इंग्रजीत बोलतात ते खरं. काकूंचं नेमकं काय होणार, हे त्यांना त्या खऱ्या भाषेत विचारायचं होतं.

रिपोर्ट यायच्या आदल्या संध्याकाळी ते आले. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"क्युअर आन् ट्रीटमेंट. फरक सांगा. खरा सांगा."

मी सांगितलं, ट्रीटमेंट म्हणजे उपचार, ते करत राहायचे. क्युअर म्हणजे आजार गेला, माणूस पूर्ण बरा झाला. ते मान हलवून घरी गेले. या वेळी औषधाच्या दुकानात गेले नाहीत, वरच्या मजल्यावरही नाही. मला जरा भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मला साक्षीदार म्हणून सोबत नेलं. काकूंना बाहेर बाकावर बसवून आम्ही दोघंच आत गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, सगळं मराठीत समजावून सांगत होता. काका डोळे बारीक करून ऐकत राहिले. मग त्यांनी पाठ करून आणलेला प्रश्न काढला.

"डॉक्टर, क्युअर ऑर ट्रीटमेंट?"

डॉक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "ट्रीटमेंट, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांना त्रास कमी होईल, एवढं नक्की बघू."

काकांनी पुन्हा विचारलं नाही, माझी साक्षही काढली नाही. माणसाचा शब्द त्यांनी एका दमात खरा मानलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आज तरी त्यांनी संशय घ्यायला हवा होता, असं मला फार वाटलं.

बाहेर काकू पदर सावरून उभ्या राहिल्या. "काय म्हणते जी डॉक्टर?"

काकांनी त्यांना परत बसवलं आणि शेजारी बसले.

"क्युअर म्हणते," काका म्हणाले. "क्युअर म्हणजे पूर्ण बरं. इंग्रजी शब्द आहे. मास्तरले विचार वं."

काकू माझ्याकडे पाहू लागल्या. काकाही पाहू लागले.

"हो काकू," मी म्हणालो. "क्युअर म्हणजे पूर्ण बरं."