पेटीपासून दोनशे बारा टेपा

"बाबा, स्क्रीनवर माझं तोंड पुन्हा उघडंच राहिलं!" आतून सूनबाई ओरडली आणि शिंपीमास्तरांच्या हातून कात्री निसटली.

दुपारी चारला तिची ऑनलाइन मुलाखत होती. सहा महिने अर्ज करून बोटं झिजल्यावर आलेलं हे एकुलतं एक बोलावणं. आणि सरावातच बिचारी दर दोन वाक्यांना आ वासून अडकत होती.

"इंटरनेट कंपनीच्या साइटवर लिहिलंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "रस्त्यावरच्या त्यांच्या पेटीपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. अंतर टाकलं की अंदाज सांगतात. पण मोजणार कोण?"

चाळीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजलेल्या माणसाला हा प्रश्न! मास्तरांनी पुढच्या खोलीतल्या दुकानातला टीव्ही बंद केला. एरवी तिथे सकाळपासून कुस्त्या चालू असायच्या. मग गळ्यात टेप अडकवून त्यांनी बायकोला खडूसकट बाहेर काढलं.

टेप दीड मीटरची आणि गल्ली मारुतीच्या शेपटासारखी. मास्तर वाकायचे, बायको रेघ मारून आकडा ओरडायची.

"एकशे चार!"

"एकशे तीन! मघाशी कुत्रं आडवं आलं, ते नको धरूस!"

"मास्तर, रस्त्याला काय शिवताय?" जो तो विचारायचा. मास्तरही कौतुकाने प्रत्येकाला सगळं समजावून सांगायचे.

स्वतःचं घर भरलं दोनशे बारा टेपा. पेटीजवळचं वकीलसाहेबांचं, अवघ्या अठरा. सूनबाईने आकडे टाकले. साइटच्या मते इथे गोगलगाय, तिथे वारा.

पण वकिलांशी बारा वर्षं अबोला होता. मास्तरांनी शिवलेली पँट त्यांना बसेना, तेव्हा भर बाजारात ते म्हणाले होते, "तुमची टेपच खोटी!"

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

"मग पोरीची नोकरी जाऊ दे?" बायकोने विचारलं.

मास्तर गेले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "म्हणजे गल्लीत माझंच घर सगळ्यात वेगवान? बसू दे की पोरीला. फक्त हे लेखी द्या."

मास्तरांनी लेखी दिलं. वकिलांनी तो कागद फाटकावर लावला.

चारला सासरा-सून पोचले, तर दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. एक काकू परदेशातल्या नातवाशी बोलत होत्या, एकजण सिनेमा उतरवून घेत होता, व्यायामवाल्या बाई मोबाइलसमोर उड्या मारत होत्या. वकील हसतमुखाने प्रत्येकाला पासवर्ड सांगत होते. सूनबाई कशीबशी कोपऱ्यात बसली. पडद्यावरचे साहेब "तुमचा अनुभव..." म्हणाले आणि आ वासून थांबले.

मास्तरांनी डोकी मोजली. चौदा.

"पोरी, घरी पळ!"

दोनशे बारा टेपांचं अंतर सूनबाईने लॅपटॉप छातीशी धरून किती वेळात कापलं, ते मोजायला कुणी नव्हतं. घरी मात्र साहेब घडाघडा बोलायला लागले. मास्तर दाराबाहेर श्वास रोखून उभे राहिले.

तेवढ्यात धापा टाकत वकील आले. "मास्तर, तुमचं माप पुन्हा चुकलं!"

"माप नाही चुकलं, साहेब. मापानंतर आत माणसं वाढली." मास्तरांनी वकिलांच्या पोटाकडे पाहिलं. "त्या पँटचंही तेच झालं होतं."

वकिलांनीही खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सोमवारी नवीन माप द्यायला येऊ?"

बारा वर्षांचं ओझं उतरलं. मास्तर इतके खूश झाले, की रिमोट घ्यायला आत धावले. शेवटची कुस्ती तरी गाठायची होती.

"बाबा, मिळाली नोकरी!" सूनबाई नाचतच बाहेर आली. "आणि इथूनच चाललं की हो झकास! टीव्ही बंद होता ना, तोही याच इंटरनेटवर चालतो. आता रोज घरूनच काम, दहा ते सहा."

"रोज?"

"रोज!"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने रिमोट बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी घातला.