मुकुंदरावांनी तळ्याकाठी पाकशाळा मांडिली त्याची हकीकत

श्री अग्निनारायण प्रसन्न. चुलीचा जाळ समाधानी असो, दूध उतू न जावो, आणि लिहिणाराचे कमीजास्त वाचणाराने पोटात घालावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी एका राज्याचे अधिपती मुकुंदराव आपली राणी कुसुमावतीबाई, चिरंजीव हृषीकेश आणि सूनबाई केतकी यांसह मोटारीत स्वार होऊन तळ्याकाठच्या मुक्कामास निघाले. राज्याचे नाव लिहिणे नाही. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक गॅलरी, इतकाच मुलूख. परंतु त्यात एक पाकशाळा होती आणि तीवर राणीसाहेबांची सत्ता एकतीस वर्षे अबाधित चालत आली होती. पाकशाळा आणि दिवाणखाना यांमधील भिंतीस, ओट्याच्या बरोबर वर, एक झरोका होता. झरोक्याच्या अलीकडे महाराजांची खुर्ची, पलीकडे ओटा, आणि ओट्यापाशी महाराजांकडे तोंड करून उभ्या राणीसाहेब. चहा झरोक्यातून येई आणि निवडलेली कोथिंबीर झरोक्यातून जाई आणि रुसवेफुगवेही झरोक्यातूनच चालत, आणि फोडणी तडतडली म्हणजे मिटत.

मग काळ फिरला आणि राणीसाहेबांच्या नजरेत धुके उतरले. वैद्यांनी यंत्रे लावून सांगितले की कडेकडेचे दिसत राहील, मधले दिसणार नाही, आणि यास उपाय फारसा नाही. राणीसाहेब घरी आल्या आणि नेहमीप्रमाणे कुकर लावला. मीठ कोठे, हिंग कोठे, सांडशी कोणत्या खिळ्यास, हे डोळ्यांस विचारण्याची गरज त्यांस कधी पडलीच नव्हती. हात जात आणि वस्तू सापडे. ऐसी दोन वर्षे गेली. मग चिरंजीव आणि सूनबाई यांचे मनी आले की आईस सुखात ठेवावे, आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने जुना ओटा फोडविला आणि झरोका बुजविला आणि सरकत्या खणांची नवी पाकशाळा बांधविली. खण ऐसे गुळगुळीत आणि ऐसे सारखे की कोणता कशाचा हे हातास कळेना. पहिले दिवशी राणीसाहेबांनी आमटीत मिठाच्या जागी खायचा सोडा घातला, दुसरे दिवशी बोट भाजून घेतले, आणि तिसरे दिवशी सहज बोलिल्या, "आता तुम्हीच करत जा. वाढाल ते जेवेन मी." कोणी रडले नाही, कोणी भांडले नाही. तख्त मोडले आणि त्याचा आवाजही जाहला नाही. तेव्हापासून सहा महिने राणीसाहेब गॅलरीत मांडीवर हात ठेवून बसत, आणि ते रिकामे हात पाहून मुकुंदरावांस घास गोड लागेना.

महाराज पूर्वी भूमापन खात्यात होते. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि त्यांचा नकाशा चुकला ऐसे कोणी म्हटले नव्हते, याचा त्यांस अंमळ ताठाही होता. त्यांचे मनी ऐसे आले की जी पाकशाळा फुटली तीच पुन्हा मांडावी, तळ्याकाठी, उघड्यावर, जेथे भिंत नाही आणि खण नाही, आणि कुसुमने एकवार आपल्या हाताने पिठले करावे. तेथेही हात चुकला तर ती पुन्हा पळीस शिवणार नाही, हेही ते जाणून होते, आणि हे भय त्यांनी कोणास सांगितले नाही. मग आठ दिवस ते आपल्या खुर्चीत बुजलेल्या झरोक्यासमोर डोळे मिटून बसत आणि मधूनच डोळे उघडून कागदावर रेघ ओढीत. शेगडीपासून तेलाची बरणी एक वीत, तेथून मीठ चार बोटे, मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी कोठे आणि हळदीची कोठे, सर्व लिहिले, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढिला.

तिसऱ्या प्रहरी तळे आले. पाणी ऐसे निवांत की पलीकडचा डोंगर त्यात उतरून निजला होता, आणि ऊन पातळ आणि हवा गार, आणि कोठे माणसाचा शब्द नाही. मोटारीची डिकी उघडली. आधी दोन झाडांस ताडपत्री बांधिली, मग तिचे खाली घडीचे लांब टेबल मांडिले आणि पाय डळमळू नयेत म्हणून चपटे दगड सारिले, मग दोन बर्नरची शेगडी आणि तिचा लहान सिलिंडर, वाऱ्यास आडवा पत्रा, एका टोकास तोटीचा पाण्याचा कॅन, सावलीत बर्फाची पेटी, भांडी विसळण्यास दोन टब, आणि कचऱ्याची पिशवी फांदीस. टेबल ऐसे लाविले की राणीसाहेबांचे तोंड पाण्याकडे यावे आणि तळ्याचा उजेड त्यांस मिळावा. मग महाराज कागद हाती घेऊन उभे राहिले आणि एकेक जिन्नस वीत-बोटे मोजून ठेवविते जाहले.

"बाबा, मिठाची बरणी दोन बोटं इकडे तिकडे झाली तर काय बिघडतं?" चिरंजीव वैतागले.

"बिघडतं. सांगतो तिथे ठेव."

केतकी सांडशी अडकविण्यास दोरी बांधीत होती, तिचे हात थांबले. आपण काय फोडिले ते तिला त्या कागदावर प्रथमच दिसले. हळूच बोलिली, "बाबा, आम्हाला एकदा सांगायचं तरी."

"प्रेमानं केलंत गं तुम्ही. म्हणून तर कुणाला बोलता येईना," महाराज बोलिले, आणि मग राणीसाहेबांचा कोपर धरून त्यांस टेबलापाशी आणिते जाहले. "हात लावून बघ. आपलाच ओटा आहे."

राणीसाहेबांनी शेगडी चाचपली आणि तिच्या मागे मिसळणाच्या डब्याची गार कड लागली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांनी काही हालले. "सगळं आणलंत?" ऐसे पुसले, आणि पदर खोचला. महाराजांनी कढई ठेविली आणि शेगडी पेटविली. राणीसाहेबांचा उजवा हात तेलाकडे गेला आणि चहाच्या डब्यावर पडला. पुन्हा गेला, साखर लागली. मोहरीस बोटे घातली ती हळदीने पिवळी जाहली. मग सांडशी शोधण्यास हात शेगडीवरून पलीकडे गेला आणि खोचलेल्या पदराचे टोक सुटून जाळाकडे झुकले, आणि केतकी "आई!" म्हणून ओरडली आणि हृषीकेशने झडप घालून गॅस बंद केला. त्या ओरड्याने तळ्यावरचा एक बगळा उडाला. राणीसाहेबांनी पिवळी बोटे पदरास पुसली आणि शांतपणे बोलिल्या, "राहू दे. हातच विसरले माझे."

मुकुंदरावांनीच हा मुलूख मांडिला आणि त्यांनीच राणीस त्यात आणून हरविले. कागदाकडे पाहिले तर एकही माप चुकले नव्हते.

राणीसाहेब मात्र जागच्या हालल्या नाहीत. टेबलाची कड धरून पाण्याच्या चमकेकडे तोंड करून उभ्याच राहिल्या, आणि त्यांचा डावा हात आपल्याच नादात फिरत होता तो एका बरणीवर आला. बोटांनी झाकण ओळखले. तेल. तेथून चार बोटे पुढे मीठ. आणि हात थबकला, आणि मग उजवा हात निघाला आणि चहा, साखर, पाण्याचा कॅन ऐसा टोकापर्यंत जाऊन परत आला.

"अहो, हा नकाशा कुठे बसून काढलात?"

"खुर्चीत. दुसरं कुठे बसणार?"

"आणि ओटा आठवलात तो कुठून?"

"झरोक्यातून. एकतीस वर्षं समोरच तर होतीस."

तेव्हा कुसुमावतीबाई हसल्या. आधी ओठांत, मग मोठ्याने, मग ऐसे की टेबलावरची झाकणे वाजली. "अहो, समोर होते म्हणूनच! तुमचं डावं ते माझं उजवं. सगळं बरोबर मांडलंय तुम्ही, मीच तुमच्या जागेवर उभी आहे!"

चाळीस वर्षे लोकांच्या शिवेवरून तंटे मिटविणारे महाराज कागदाकडे पाहतच राहिले. उत्तर दिशा लिहिली होती, बोटे लिहिली होती, स्वयंपाक करणारी कोठे उभी राहते हे लिहिण्याचे राहिले होते. "थांब, थांब," चिरंजीव पुढे धावले, "आपण सगळं फिरवून मांडू."

"काही फिरवायचं नाही. घरचा ओटा भिंतीला होता, ह्याला कुठे भिंत आहे?" ऐसे बोलून राणीसाहेब टेबलाची कड चाचपीत, कोणाचा हात न धरिता, सावकाश वळसा घालून पलीकडे गेल्या. आता तळे त्यांच्या पाठीशी आले आणि महाराज समोर. "शेगडी तेवढी फिरव रे, बटणं माझ्याकडे कर. आणि तुम्ही उभे का? बसा."

महाराजांनी घडीची खुर्ची ओढली आणि बसले. राणीसाहेबांनी मान किंचित वळवून नजरेची कड त्यांजकडे लाविली.

"काय दिसतं?" महाराजांनी भीत भीत पुसले.

"तुमचा डावा कान. तेवढा पुरे."

मग तेल पडले, ते जेथे पडावे तेथे. मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला आणि ताडपत्रीखाली दरवळत राहिला, आणि हात जात होते आणि वस्तू सापडत होत्या. "केतकी, कांदा चीर, बारीक. नाहीतर आण इकडे, तुझा जाड होतो," ऐसे फर्मान सुटले आणि केतकीने ते भरल्या डोळ्यांनी ऐकिले. बेसन पाण्यात गेले आणि पळी फिरत राहिली आणि एक गुठळी होऊ दिली नाही. वाफ वर चढली आणि राणीसाहेबांच्या मागे तळे सोनेरी जाहले, आणि मुकुंदराव त्या वाफेतून पाहत होते आणि त्यांस ऐसे वाटले की मध्ये सहा महिने गेलेच नाहीत, कोणी भिंत बांधली नाही, कोणी काही फोडले नाही. लिहिणारास इतकेच सांगणे आहे की त्यांस सुखाने भरून आले आणि ते लपविण्याचे त्यांस सुचले नाही.

सूर्य डोंगराआड जाता जाता पाने मांडिली. राणीसाहेबांनी सर्वांस आपल्या हाताने वाढिले, सांडले ते थोडे. केतकी पहिला घास घेऊन बोलिली, "आई, घरी गेल्यावर भिंत फोडू. जुना ओटा होता तस्सा करून देते."

"काही फोडू नकोस. परवापासून माझा हात धरून एकेक खण दाखव. शिकीन मी. हात विसरले नाहीत, कळलं मला आज. ह्यांचं एक स्टूल मात्र ओट्यापाशी पाहिजे."

"ट्रॉल्यांच्या मध्ये? अडचण होईल की."

"होऊ दे," राणीसाहेब बोलिल्या, आणि महाराजांचे पान चाचपून त्यात आणखी एक पळी पिठले वाढिले.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध नवमीस तळ्याकाठी पाकशाळा मांडिली, हरली आणि सर झाली. लढाई एक. जखमी कोणी नाही. पिठले उरले नाही.