शहाणी आणि आदळआपट

डॉक्टरांनी सात दिवस पालथं झोपायला सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी डोळ्याबद्दल काहीच विचारलं नाही. "म्हणजे गुरुवारची सेमीफायनल?" एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता, तो शिवल्यासारखा जागेवर बसवला होता आणि त्याला दाबून धरायला आत गॅसचा बुडबुडा सोडला होता. मान खाली असेल तरच तो बुडबुडा योग्य जागी दाबणार. मान वर केली की बुडबुडा सरकणार, पडदा पुन्हा सुटणार, आणि मग त्या डोळ्याचं काही खरं नाही. दुसऱ्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू मुरलेला. मुलाने घरी येऊन पलंगाखाली मोबाइल ठेवून पाहिला, पण सासूबाईंना त्यात एक हिरवी चादर आणि तिच्यावरचे दोन डाग एवढंच दिसलं.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. तेहतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, बडबडीचा त्यांना भारी तिटकारा. टेनिस त्या नेहमी आवाज बंद करून पाहत. आता दिसत नाही म्हणून मुलाने आवाज चालू केला, तर समालोचक दहा मिनिटं कुणाच्या तरी प्रशिक्षकाच्या कुत्र्याबद्दल बोलत होते. सासूबाईंनी उशीतूनच हुकूम सोडला की ते बंद करा, आणि सुनेला बसवा. ती सांगेल.

सुनेचं शिवणकामाचं दुकान होतं. तिला टेनिसमधलं ओ का ठो कळत नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासूबाई टीव्हीसमोर बसल्या की ती मशीनवर जाऊन बसायची. दोघींचं भांडण कधी नव्हतं, तशा गप्पाही कधी नव्हत्या. पण आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? तिने गुरुवारी दुपारी दुकान बंद केलं आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढली.

आधी सासूबाईंनी तिला खेळाडूंची ओळख करून दिली. खरी नावं त्यांनी एकदाच कशीबशी सांगितली. ती उच्चारताना त्यांची कवळी हलायची, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपलीच नावं ठेवली होती. सगळ्यांत लाडकी ती शहाणी. मऊ हाताची, पंचाशी हुज्जत न घालणारी. चेंडू असा अलगद जाळीपलीकडे टाकते की समोरची धावतच राहते. आणि डोळ्यांसमोर नको ती आदळआपट. सर्व्हिसच्या आधी अठरा वेळा चेंडू आपटणार, प्रत्येक पॉइंटनंतर टॉवेल मागणार, हरायला लागली की गुडघा धरून बसणार आणि रॅकेट फेकणार. आज नेमकी गाठ या दोघींचीच होती.

"शहाणी ओळखायची कशी?" सुनेने विचारलं.

"वेणी असते तिची. निळा फ्रॉक."

पडद्यावर दोघींच्याही वेण्या होत्या आणि दोघींचेही फ्रॉक निळे होते. कपड्यांची कंपनी एकच असावी. सुनेने कापड आणि बेतणी बघून फरक शोधायचा प्रयत्न केला, पण दोन्ही फ्रॉक एकाच कटिंगचे. तेवढ्यात पडद्यावर शहाणीचं नाव आणि चेहरा झळकला आणि कॅमेऱ्याच्या जवळच्या बाजूला जाऊन ती उभी राहिली. सुनेने मनात पक्कं केलं: जवळची ती शहाणी, लांबची ती आदळआपट.

पहिला गेम झकास गेला. शहाणीने दोनदा अलगद चेंडू टाकला, सासूबाई उशीत खुदकन हसल्या. गेम संपल्यावर सून त्यांची उशी नीट करायला वळली. टेनिसमध्ये खेळाडू मधूनमधून बाजू बदलतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उशी ठाकठीक करून तिने पडद्याकडे पाहिलं, तेव्हा जवळच्या बाजूला आदळआपट उभी होती.

"शहाणी चेंडू आपटतेय," सून म्हणाली.

"किती वेळा?"

"चौदा, पंधरा... अठरा."

 सासूबाई म्हणाल्या की मोठ्या मॅचचं दडपण असेल. पुढच्या पॉइंटला शहाणीने टॉवेल मागितला, त्याच्या पुढच्या पॉइंटला पंचाकडे बोट करून काहीतरी बोलली. आदळआपट मात्र शहाण्या मुलीसारखी खेळत होती. दोन गेम झाले की पुन्हा सगळं सुरळीत, आणि आणखी दोन गेम झाले की शहाणीच्या अंगात पुन्हा काहीतरी संचारायचं. सासूबाईंना वाटलं, पोरीच्या घरी काही बरंवाईट झालंय की काय.

खरी पंचाईत स्कोअरची झाली. पडद्याच्या कोपऱ्यात नावं आणि आकडे होते आणि ते सून अचूक वाचायची. त्यामुळे व्हायचं असं, की पॉइंट मारायची शहाणी आणि आकडा वाढायचा आदळआपटीचा.

"अगं, आत्ता पॉइंट कुणी घेतला?"

"शहाणीने."

"मग वाढला कुणाचा?"

"तिचा. दुसरीचा."

"पंच काय झोपलाय?"

हे असं चार-पाच वेळा झाल्यावर सासूबाईंना खात्रीच पटली की पंच फितूर आहे. तेहतीस वर्षं त्यांनी चुकीचा नंबर कधी जोडला नव्हता, आणि इथे भर मैदानात एकीचे पॉइंट दुसरीला जोडले जात होते. त्यांनी सुनेला मापांची वही आणायला लावली आणि पालथ्या पडूनच जागतिक टेनिस संघटनेला तक्रारअर्ज सांगायला सुरुवात केली. "माननीय महोदय, मी गेली वीस वर्षं आपला खेळ आवाज बंद करून पाहत आहे" इथपर्यंत आल्यावर रागाच्या भरात त्यांची मान चार बोटं वर आली. सुनेने घाबरून ती हलकेच खाली दाबली. दुसऱ्या सेटमध्ये मान पुन्हा वर आली, या वेळी वीतभर.

त्याच वेळी सासूबाईंचा मुलगा कामावरून आला. दारातच उभं राहून त्याने दोन मिनिटं मॅच पाहिली, दोन मिनिटं बायकोचं समालोचन ऐकलं, आणि मग तिला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. बाजू बदलतात, हे त्याने दोन चमचे ओट्यावर इकडून तिकडे सरकवून दाखवलं.  तासभर तिने एकीचं पाप दुसरीच्या माथी मारलं होतं. शिवाय खरी शहाणी पहिला सेट हरली होती आणि दुसऱ्यातही हरायच्या बेतात होती. हे आता सांगितलं तर सासूबाई नुसती मान वर करणार नाहीत, उठून बसतील. डोळ्याचं काय होईल, याचा विचार तिला करवेना.

ती परत आली, खुर्चीवर बसली आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "आई, पंच बदलला."

"बदलला?"

"हो. नवीन बाई आल्यात. मागचे चुकलेले पॉइंट त्यांनी दुरुस्त केले."

नवरा दारात कपाळाला हात लावून उभा होता. पण सासूबाईंची मान उशीत अशी विसावली की सुनेला आता माघार घेणं शक्य नव्हतं. पुढचा अर्धा तास शहाणी धडाधड जिंकत गेली. पडद्यावर मॅच कधीच संपली होती आणि सर्फच्या पावडरची जाहिरात चालू होती, तरी सून तिसरा सेट खेळवत होती. शहाणी जिंकली. सासूबाई समाधानाने झोपी गेल्या.

शहाणी जिंकली, म्हणजे ती शनिवारी फायनल खेळणार, हे सुनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं.

ते निस्तरायचं तर खेळ तरी कळायला हवा. शुक्रवारभर ती दुकानात मशीनवर मोबाइल टेकवून शहाणीच्या जुन्या मॅच पाहत बसली. आधी कर्तव्य म्हणून पाहिल्या, मग तिसऱ्या मॅचपासून नाद लागला. ती मनगट कशी वळवते, समोरचीला कोपऱ्यात ओढून मोकळी जागा कशी उघडते. कापड वाया न घालवता बेतावं, तसं ती मैदान बेतायची. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागलेल्या निघाल्या. सुनेने निमूटपणे एक उसवून उजवी नव्याने बेतून बसवली, तीही मोबाइलकडे बघत.

शनिवारी फायनल सुरू झाली ती खरं तर आदळआपट आणि एका अठरा वर्षांच्या नवख्या पोरीमध्ये. सुनेने बेत ठरवला होता: आदळआपट जे करेल ते शहाणीच्या भाषेत सांगायचं. आदळआपटीने टॉवेल मागितला की "शहाणीने घाम टिपला". तिने रॅकेट भिरकावली की "शहाणीने रॅकेट बाजूला ठेवली". सासूबाईंनी विचारलं, कशी ठेवली? सून म्हणाली, हलकेच.

पहिला सेट नवखीने घेतला. दुसऱ्या सेटमध्ये आदळआपट एका चेंडूसाठी जीव खाऊन धावली, पाय मुरगळला आणि कोसळली. उजवा गुडघा धरून ती तशीच पडून राहिली. सून बोलायची थांबली.

"काय झालं?"

"पडली, आई. गुडघा."

एरवी असं कुणी मैदानात पडलं की सासूबाई "नाटकं" म्हणून चहा टाकायला उठत. आज त्या उशीत तोंड खुपसून देवाचं नाव घेऊ लागल्या. डॉक्टर आले, गुडघ्याला पट्टी बांधली आणि ती उठली. लंगडत उभी राहिली. आणि मग जे खेळली, ते शहाणीच्या भाषेत सांगणं सुनेला जमेना. ती विसरूनच गेली कोण कोण आहे ते. जसं दिसेल तसं सांगत सुटली: एका पायावर सर्व्हिस करतेय, फटका असा की चेंडू फुटावा, आणि प्रत्येक फटक्याला घसा फोडून ओरडतेय.

"आमची शहाणी ओरडते?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने जीभ चावली. "आज ओरडतेय, आई."

 सासूबाई म्हणाल्या, "ओरडू दे. दुखत असेल तिला."

दुसरा सेट गेला तिच्याकडे, तिसराही. शेवटचा पॉइंट सांगताना सुनेचा हात सासूबाईंच्या हातात होता; तो कधी गेला, हे दोघींनाही आठवत नव्हतं. उशीचा अभ्रा ओला झाला होता, तो सुनेने मान वर न करू देता बदलला.

सोमवारी डोळा दाखवायला गेल्या. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, पडदा छान बसलाय म्हणाले, आणि आता उठून बसायची परवानगी दिली. मग औषधं लिहिता लिहिता, बाईंना टेनिस आवडतं म्हणून, फायनलचा विषय काढला. त्यांनी जिंकणारीचं संपूर्ण नाव घेतलं. मोडलेल्या गुडघ्यावर काय खेळली ती, असंही म्हणाले. सून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचू लागली.

  घरी येऊन सासूबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. सुनेने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाजू बदलणं, पंच बदलणं, पावडरच्या जाहिरातीवर खेळवलेला तिसरा सेट. सांगताना तिला रडू फुटलं.

"त्या बिचाऱ्या पंचाविरुद्धचा अर्ज पाठवला नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. वहीतच आहे."

"फाड तो." सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "आणि ते गुडघ्यावरचं? ते खरं?"

"ते सगळं खरं, आई. ओरडणंसुद्धा."

सासूबाईंनी मान हलवली आणि चहा ठेवायला सांगितलं. त्यानंतर महिनाभर हा विषय निघाला नाही.

तीन महिन्यांनी पुढची मोठी स्पर्धा आली. तोवर बुडबुडा विरला होता, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदूही निघाला होता. सेमीफायनलला पुन्हा त्याच दोघी समोरासमोर. सून दुकान लवकर बंद करून आली आणि सासूबाईंशेजारी सोफ्यावर बसली. टीव्हीचा आवाज बंद. पहिल्याच गेममध्ये शहाणीने अलगद चेंडू जाळीपलीकडे टाकला आणि सुनेने नकळत टाळी वाजवली.

"त्यात काय एवढं," सासूबाई म्हणाल्या. "नुसती टिचकी मारायची. घाम तरी येतो का कधी हिला?"

सुनेला ते झोंबलं. ती म्हणाली की खेळायला डोकं लागतं, नुसता घसा असून चालत नाही. सासूबाई म्हणाल्या की दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहायला काय लागतं ते एकदा शहाणीला विचारून ये. मुलगा मधे पडायला गेला, तर दोघींनी एकदमच त्याला टेनिसमधलं काय कळतं ते विचारलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पहिला सेट शहाणीने घेतला तेव्हा सुनेने बिस्किटांची बशी आपल्या बाजूला ओढली. दुसऱ्या सेटमध्ये आदळआपटीने रॅकेट जमिनीवर आपटली, तिचे दोन तुकडे झाले.

"बघा, तोडली," सून म्हणाली.

"तोडली कुठे," सासूबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "बाजूला ठेवलीय. हलकेच."