नापासांच्या घरचा पाहुणा

आमच्या उमरग्यात कुणाचं पोरगं मोठ्या परीक्षेत पास झालं की लोक पेढे खायला जातात. आमच्या गल्लीतले बिराजदार अण्णा मात्र नापास झालेल्याच्या घरी जातात. नवोदय असो, नीट असो, सीईटी असो. निकालाच्या दिवशी ज्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता, तिथं अण्णा खुर्ची ओढून बसलेले. "किती पडले?" असं विचारायचे, आणि आकडा जितका खाली तितका त्यांचा चेहरा खुलायचा. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून आईबापाला म्हणायचे, "तुमचं बरं हाय."

परीक्षेच्या दिवशी तर पोराला त्यांच्या दारावरून न्यायची सोय नव्हती. "लेकरा, चार प्रश्न सोडून दे. येतंय म्हणून समदंच लिहायचं नसतं," असा आशीर्वाद द्यायचे. आम्ही बाया पोरांना मागच्या बोळातून काढायचो.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर येडा म्हणून सोडून दिलं असतं. पण अण्णांना श्रद्धा नावाची पोरगी होती. ही पोरगी हॉल तिकीट हातात घेऊनच जन्मली असं गल्लीत म्हणत. पाचवीत नवोदयची परीक्षा दिली आणि सहावीला हॉस्टेलवर गेली. मग लातूरला क्लास. मग नीट, आणि एमबीबीएसला नागपूर. अण्णा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "पोरगी दर परीक्षेला दोन टप्पे लांब जाती." आम्हाला वाटायचं, मिरवायची ही कंडक्टरी तऱ्हा असंल.

माझा सचिन श्रद्धाच्याच वयाचा. ती बदाम खाते असं कळल्यावर मी बदाम भिजवले. ते त्याच्या दोस्तांनी खाल्ले. तिची जुनी पुस्तकं मागून आणली; त्यांच्यावर चहाचा कप बरा बसतो असं त्याचं मत पडलं. श्रद्धा सुट्टीत आली की आठवणीनं माझ्या पाया पडायची. मी तोंडानं "सुखी राहा" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, एकदा तरी नापास हो गं बाई.

सचिन दुसऱ्यांदा नीटमध्ये नापास झाला त्या दिवशी अण्णा आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळ बसले. "आता काय करणार?" त्यांनी विचारलं. सचिन म्हणाला, "हायवेला मोबाइलचं दुकान टाकतो." अण्णांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे हितंच. वैनी, तुमचं बरं हाय." मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. तो पण ते शेवटच्या घोटापर्यंत पिऊन गेले.

औंदा श्रद्धाला पुढच्या शिक्षणाला, लहान लेकरांची डॉक्टर व्हायला, थेट चंदीगडला जागा मिळाली. गल्लीनं फटाके उडवले. मी पण शाल-नारळ घेऊन निघाले. पोटात असं दुखत होतं की नारळाऐवजी ओव्याची पुडी न्यायला हवी होती.

अण्णांच्या घरी माणसांची रीघ. त्यांची बायको नीलाअक्का पेढे वाटत होती. "अण्णा कुठं हायत?" मी विचारलं.

"तुमच्याकडंच गेलेत," ती म्हणाली. "सकाळपासून कुणाशी बोलंनात."

मी रागातच परत आले. आज माझ्या घरात कोण नापास झालंय? स्वयंपाकघराच्या दारात पाय थबकला. सचिन दुकानातून जेवायला आला होता, आणि अण्णा त्याच्यासमोर पाटावर बसून त्याचं जेवण बघत होते.

"आये, वरण खारट झालंय," म्हणत सचिननं वाटी पुढं ढकलली.

अण्णा त्या वाटीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, श्रद्धा घरी आली की तिची आई इचारती, काय करू? ती म्हणती, काहीबी चालंल. खारट असू दे, आळणी असू दे, समदं खाती आणि ताट धुऊन ठेवती. लई गुणाची." पुढं म्हणाले, "दहा वर्षांची असताना गेली. हॉस्टेलात असंच राहावं लागतंय. पर माझ्या घरात माझ्या पोरीनं कधी वाटी ढकलली न्हाय."

शाल-नारळ माझ्या हातातच राहिला.

"अण्णा, जेवता का?" मी विचारलं.

"नको. श्रद्धाची आई वाट बघत असंल." पण उठले नाहीत.

सचिनचं लक्ष मोबाइलमध्ये. त्यानं मान वर न करता हाक मारली, "आये, पाणी."

मी वळायच्या आत अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. माठातून तांब्या भरला, सचिनपुढं धरला, आणि त्याचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभे राहिले.