निळ्या दोऱ्याचं मडकं

चणे शिजवायला फार अक्कल लागते असं ज्यांचं मत आहे त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. मी, स्तामातिस, तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. भर समुद्रात मेलेली इंजिनं मी जिवंत केली आहेत. मातीच्या मडक्यात चणे, कांदा, तेल आणि टाकीतलं पावसाचं पाणी घालायचं, कणकेनं झाकण लिंपायचं आणि शनिवारी संध्याकाळी पाववाल्या लुकासच्या भट्टीत ठेवून यायचं, यात कसली आली कला? रात्रभर राबते ती भट्टी. रविवारी चर्चमधून परतताना मडकं उचलायचं आणि नाव मात्र बाईमाणसाचं व्हायचं.

हेच मत मी सहा वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात मांडलं होतं. थोडं वेगळ्या शब्दांत. चणे माझ्या थोरल्या बहिणीनं, कालिओपीनं केले होते. सगळं गाव जेवत होतं. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "मीठ कमी आहे. आईसारखे नाही झाले." बस, एवढंच. एरवी आमच्या गावात समुद्राचाही आवाज बेताचाच असतो, पण त्या दिवशी मला लाटा मोजता आल्या. ताईनं पळी खाली ठेवली, एप्रन सोडला आणि घरी गेली.

तिनं माझ्याकडे निरोप पाठवला तो पापा-नेक्तारिओसांच्या तोंडून, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या. "ज्या तोंडानं लोकांसमोर बोललास त्याच तोंडानं लोकांसमोर 'आईसारखे झालेत' म्हणशील, तेव्हा तुझ्या दारात पाऊल टाकीन." मीही निरोप धाडला की समुद्र आटेपर्यंत वाट बघ. तिचं घर माझ्या घरापासून तिसरं. सहा वर्षं आम्ही एकाच किनाऱ्यावरून चाललो, पण ती पाण्याच्या बाजूनं आणि मी भिंतीच्या.

हे असंच चाललंही असतं. पण माझ्या मुलीचं, अर्गिरोचं लग्न ठरलं.

तिची आई गेली तेव्हा अर्गिरो नऊ वर्षांची होती आणि मी कुठल्यातरी लांबच्या बंदरात होतो. तिला वाढवलं ते आत्यानं. वेण्या आत्यानं घातल्या, ताप आत्यानं काढले, आणि मी वर्षातून दोनदा बाहुली घेऊन यायचो. म्हणून लग्न ठरल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "बाबा, आत्या नसेल तर मी चर्चमध्ये उभी राहणार नाही. आम्ही दोघं अथेन्सच्या पालिकेत जाऊन सह्या करू आणि तुम्हाला फोटो पाठवू."

"माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मी फोटोत बघायचं?"

"एक वाक्य बोलायचंय, बाबा. दोन शब्द."

"दोन्ही शब्द खोटे असतील तर?"

ती उठली आणि आत निघून गेली. तिच्या आत्याचीच सवय आहे ती.

त्याच आठवड्यात व्याही-विहीण पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते. सोतिरिस आणि एफ्तिखिया, लारिसाकडची सपाट मुलखातली माणसं. रविवारी दुपारी जेवायला. अर्गिरोचं म्हणणं होतं की खाणावळीतून मासे आणावेत. मी म्हटलं, रविवारी माझ्या घरी चणेच होतील आणि ते मी करीन. खरं कारण सांगून टाकतो. कालिओपीवाचून घर अडत नाही हे मला अख्ख्या गावाला दाखवायचं होतं.

शनिवारी मी चणे भिजवले, कांदा चिरला, आणि चव यावी म्हणून दोन लिंबंही आधीच पिळून टाकली. मडकी सगळी एकाच कुंभाराची, म्हणून प्रत्येक घर कानाला आपली खूण बांधतं. मी फडताळातून आईची दोऱ्याची रीळ काढली आणि निळा दोरा बांधला. आमच्या घरची खूण पहिल्यापासून निळीच. लुकासच्या भट्टीत त्या वेळी एवढी गर्दी होती की त्यानं मडकं घेतलं, दोरा पाहिला, मान हलवली आणि आत सरकवलं.

रविवारी मी प्रार्थना संपायच्या जरा आधीच चर्चमधून सटकलो, कारण भट्टीपाशी ताईची गाठ पडायला नको होती. फळीवर मडकी ओळीनं मांडली होती. निळा दोरा दिसला, मडकं उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि घर गाठलं. असा एकच निळा दोरा असेल असं मी धरून चाललो होतो. आई माझी एकट्याची नव्हती हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अंगणात टेबल मांडलं होतं. व्याही, विहीण, अर्गिरो, आणि सन्मानाच्या खुर्चीत पापा-नेक्तारिओस. मी चार लोकांसमक्ष कणीक फोडली, झाकण उचललं आणि सगळ्यांना वाढलं.

एफ्तिखियाबाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "हे तुम्ही केलंत? एकट्यांनी?"

"एकट्यानं," मी म्हणालो. मग मी स्वतः घास घेतला.

काय सांगू तुम्हाला. चणा जिभेवर ठेवला आणि विरघळला. मी सात वर्षांचा झालो, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि आई पाठीमागे उभी होती. माझे डोळे भरून आले. ते लपवायचं मला सुचलंच नाही. "आईसारखे," मी म्हणालो. "अगदी आईसारखे झालेत."

पापांचा चमचा हवेतच थांबला. "स्तामातिस, काय म्हणालास?"

"आईसारखे झालेत, पापा. देवाशपथ."

"बरं," ते म्हणाले. "मी ऐकलं."

दुसऱ्या घासाला माझ्या दाताखाली तमालपत्र आलं. मी तमालपत्र घातलं नव्हतं. माझ्या घरात तमालपत्र नव्हतंच. आमच्या गावात तमालपत्राचं एकच झाड आहे आणि ते इथून तिसऱ्या घराच्या परसात आहे.

मी तीन इंजिनांना आगी लागताना पाहिल्या आहेत, पण घाम त्या दिवशी फुटला. पान बाहेर काढावं तर अर्गिरो समोर बसलेली. मी ते चावलं आणि गिळलं. चामड्याचा पट्टा गिळल्यासारखं वाटलं.

एवढ्यात व्याह्यांनी आपल्या ताटातून एक पान उचललं. "हे बाजूला काढायचं ना?"

"नाही," मी घाईनं म्हणालो, "आमच्याकडे खातात."

"पान?"

"मान असतो त्याला. ज्याच्या ताटात येईल तो भाग्यवान."

सोतिरिस भला माणूस. मुलाच्या सासऱ्याचा मान राखायचा म्हणून त्यांनी पान तोंडात घातलं. एफ्तिखियाबाईंना दोन मिळाली. दोघं नवराबायको समुद्राकडे पाहत गंभीरपणे रवंथ करू लागली. पापांनीही ताटातलं पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ते हळूच रुमालात गुंडाळलं.

"बाबा," अर्गिरो म्हणाली, "आपल्याकडे कधीपासून पानं खातात?"

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. कालिओपी उभी होती, फाटकाच्या बाहेर. रविवारचे कपडे, हातात फडक्यात धरलेलं मडकं. कानाला निळा दोरा.

"मडकी बदलली," ती म्हणाली. माझ्याशी नाही, अर्गिरोशी. "हे तुमचं. यातले चणे कोंबड्यांना घातले होते. त्यांनी एकेक चणा उचलून बघितला आणि परत ठेवला. लिंबू आधी पिळलंय कुणीतरी. त्यानं चणा दगड होतो."

तिनं मडकं फाटकाच्या खांबावर ठेवलं. मग तिची नजर टेबलाकडे गेली. "पाहुण्यांना पानं का चारताय?"

व्याह्यांचं तोंड हलायचं थांबलं.

ती जायला वळली. मघाशी मी काय म्हणालो ते तिला ऐकू गेलं नव्हतं. मला गप्प बसता आलं असतं. पापा चांगले आहेत, चुगलखोर नाहीत. पण तिनं वळताना ओढणीचं टोक सारखं केलं. ते अगदी आईसारखं होतं, आणि तिची पाठ थोडी वाकली होती. सहा वर्षं मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. अर्गिरो माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. नऊ वर्षांची असताना बंदरावर मला निरोप देताना ती ओठ असेच मिटायची.

मी उठलो. खुर्ची पडली.

"ताई."

ती थांबली, पण वळली नाही.

"आईसारखे झालेत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"लोकांसमोर?"

"व्याही बसलेत, विहीणबाई बसल्यात, पापा बसलेत. मडकं तुझं आहे हे कळायच्या आधीच म्हणालो, विचार त्यांना. मी चुकलो, ताई. तेव्हा चुकलो आणि सहा वर्षं चुकत राहिलो."

"दोनदा म्हणाला," पापांनी साक्ष दिली. "शपथेवर."

कालिओपी वळली. तिनं फाटकाच्या आत पाऊल टाकलं. अर्गिरो धावली आणि तिच्या गळ्यात पडली. एफ्तिखियाबाई कारण ठाऊक नसतानाही रडायला लागल्या, आणि तेवढ्यात त्यांनी तोंडातलं पान शिताफीनं काढून टाकलं. मला स्वतःला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी पडलेली खुर्ची उचलून पुसली आणि ताईसाठी पुढे केली.

ती बसली. मी तिला वाढलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं एक चमचा घेतला आणि सावकाश चावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग आणखी एक चमचा घेऊन बघितला. "आईसारखे नाही झाले."

मी तोंड उघडलं. टेबलाखालून अर्गिरोनं माझ्या पावलावर टाच रोवली. मी तोंड मिटलं आणि मीठ आणायला घरात गेलो.