लिंबाजीअण्णांचे खांब

लिंबाजीअण्णा रस्त्यानं निघाले की विजेच्या प्रत्येक खांबावर थाप मारत. बाजारातून नवा बैल आणलेला माणूस त्याच्या पाठीवर मारतो तशी. सोबत जो असेल त्याला सांगत, "ह्यो आपला हाय." खांबाला कुणी म्हैस बांधलेली दिसली की मग संपलंच. "सोड आधी! कामगाराच्या म्हातारपणाला म्हैस बांधतूस व्हय?" म्हशीचा मालक बिचारा खांबाकडं बघायचा, अण्णांकडं बघायचा आणि काहीएक न समजता म्हैस सोडायचा.

दोष माझाच होता. परंडा रस्त्यावरच्या आमच्या सहकारी सूतगिरणीत अण्णा जॉबर, म्हणजे कताईचे साचे चालू ठेवणारे मुकादम, आणि मी कारकून. चाळीत आमची भिंतीला भिंत. कामगारांनी त्यांना भविष्यनिर्वाह निधीवर, म्हणजे सगळे ज्याला फंड म्हणत त्यावर, विश्वस्त म्हणून निवडून दिलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "आमचा पैसा हाय कुठं?"

"सरकारी रोख्यांत आणि वीज मंडळाच्या रोख्यांत," मी म्हणालो.

"म्हंजी कुठं? दावा."

आता रोखे कुठून दाखवणार? ते उस्मानाबादला बँकेच्या तिजोरीत. मी वैतागून खिडकीबाहेरच्या खांबाकडं बोट केलं, "तो काय, तिथं." झालं. अण्णांनी जिल्ह्यातले सगळे खांब ताब्यात घेतले. पुढं मी नाना परींनी समजावलं की मंडळाला आपण पैसा वापरायला दिलाय, त्याचं व्याज येतं, खांब मंडळाचेच. ते म्हणायचे, "असू द्या. दिसतंय तरी. तुमचं व्याज कुणी बघितलंय?"

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी कापूस शेतातच जळाला. नेमकी तेव्हाच काही रोख्यांची मुदत भरली आणि पैसे फंडात परत आले. चेअरमनसाहेबांनी विश्वस्तांची बैठक बोलावली. माणूस गोड बोलणारा. "गिरणी आपली, फंडही आपलाच. पुन्हा रोखे कशाला घेता? सध्या गिरणीला वापरू द्या. पाऊस पडला की फेडू." सह्यांचा कागद फिरत फिरत अण्णांपुढं आला. सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या आणि एवढी एकच उरली होती.

"साहेब," अण्णा म्हणाले, "कापूस जळला तर आमचा पगार जातुया. त्येच्या संगं म्हातारपण बी घालवायचं? पगार हितं हाय, तर फंड दुसरीकडंच पायजे."

"तुमचा गिरणीवर विश्वास नाही?"

"लई हाय. जन्म घातला की हितं. सही न्हाय करणार."

चहा आला. अण्णा प्याले. भजी आली. चार खाल्ली. चेअरमननी स्वतःच्या हातानं पेन पुढं केलं. अण्णा म्हणाले, "भजी झ्याक हायती. सही न्हाय." पाहुण्यांसाठी ठेवलेले पेढे आले, तेही खाल्ले. शेवटी चेअरमनच उठले.

त्या उन्हाळ्यात गिरणी बंद पडली. अण्णांनी सही केली असती तर चालली असती, असं चाळीत उघड बोलत. टँकरच्या रांगेत त्यांच्याशी कुणी शब्द बोलेना. अण्णा आपली घागर घेऊन मुकाट उभे राहत आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच ताठ मानेनं पुन्हा येत. मला त्या माणसाचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

पाऊस झाला, गिरणी रडतखडत सुरू झाली, पुन्हा बंद पडली. पण म्हातारे कामगार एकेक करून निवृत्त झाले तेव्हा फंड मात्र ज्याच्या त्याच्या हातात पुरता आला. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी चाळीमागं दोन खोल्या बांधल्या. अण्णांशी लोक बोलू लागले. माफी मात्र कुणी मागितली नाही.

एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्हाला ना बायको ना लेकरं. एवढं वाईटपण घेतलंत ते कुणासाठी?"

अण्णांनी तंबाखू मळून गालात धरली.

"फंड बुडला असता तर ही समदी म्हातारी पोरांच्या मागं पुण्याला न्हायतर सोलापूरला गेली असती. म्या कुणाकडं जाऊ? मला हितंच ऱ्हायचं हाय. शिव्या घालाया तरी शेजारी पायजेत का न्हाय?"

ते हसले. मी आत जाऊन बायकोला अण्णांचंही ताट घ्यायला सांगितलं. बाहेर येऊन बघतो तर अण्णा पाय धुऊन बसलेले.