जेवणाला चाळीस मार्क

युद्धाचा पिक्चर पाहताना लांजेवारकाका रिमोट बंदुकीसारखा धरतात. पडद्यावर तोफा धडधडत असतात, नायक एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात जखमी मित्र घेऊन टेकडी चढत असतो. काका बटण दाबतात. नायक एक पाय हवेत ठेवून थांबतो.

"हा जेवला कवा?" काका विचारतात.

मग काका स्वतःच हिशेब मांडतात. "पह्यल्या शीनमंदी सकाळ होती. मंग रात झाली. मंग पुन्हा सकाळ. दोन दिवस झाले, हा लढूनच राहिला. एक घास खाल्ला नाई त्यानं. आन् मित्राले उचलून राहिला बे! मित्र काय थर्माकोलचा हाय?"

एवढं बोलून ते पिक्चर बंद करतात. त्यांच्या दृष्टीने तो नायक तिथेच भुकेने मेलेला असतो.

सक्करदऱ्याला आमच्या सोसायटीत काका माझ्या समोरच्या घरात राहतात. वय चौऱ्याहत्तर. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढली, पण बंदुकीवर नाही, चुलीवर. ते लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. मिशा मात्र सेनापतीच्या आहेत. त्या मिशांमुळे नवीन भाडेकरू त्यांना आधी मेजरसाहेब म्हणतात. काका लगेच दुरुस्त करतात. "मेजर माह्या हातचं खात होता."

खऱ्या लढाईसारखा वाटणारा पिक्चर कोणता, हे लोकांना सांगणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. कोणी विचारावं लागत नाही. गॅस सिलिंडर आणणारा, दात काढणारे डॉक्टर, दुकानात गव्हाच्या रांगेत पुढे उभी असलेली बाई, सर्वांना ते पिक्चर सुचवतात. परदेशी नावं त्यांना उच्चारता येत नाहीत म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. 'चिखलवाला', 'खोकलेवाला', 'घोडा मरते तो'. डॉक्टरांनी 'खोकलेवाला' कुठे मिळतो म्हणून तीन आठवडे शोधला, असं ऐकून आहे.

त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक पिक्चरला शंभरपैकी मार्क. चिखल वीस, भीती वीस, बूट दहा, शांतता दहा आणि जेवण चाळीस. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात माल तपासणीचं काम करतो. कोणताही आकडा दिसला की तो पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी वहीतल्या एकशे बारा पिक्चरांच्या बेरजा तपासल्या. तीन चुकल्या होत्या. काकांनी त्या निमूटपणे दुरुस्त केल्या आणि तेव्हापासून मला मान देऊ लागले.

"पण काका, जेवणाला चाळीस जास्त होतात," मी एकदा म्हणालो.

"राजाभाऊ, मानूस लढाईत गोळी कितीक वेळ खाते? एकदा. आन् पोळी?"

प्रमाण बरोबर होतं.

पोळीवरून आठवलं. काकांकडे जेवायला जायचं असेल तर सकाळीच त्यांना आकडा द्यावा लागतो. "किती खासान?" हा प्रश्न ते फाटकाशी उभं राहून विचारतात. तीन सांगितल्या तर तीन खायच्या. चार चालत नाहीत आणि दोन तर मुळीच चालत नाहीत. माझे साडू एकदा चार सांगून दोनवर उठले. काका ताट बघून मागच्या अंगणात निघून गेले, ते साडू घरी जाईपर्यंत आत आले नाहीत. शांताकाकूंनी त्या दोन पोळ्या भराभर पदराखाली झाकल्या. मला वाटलं, अन्न वाया गेल्याचा राग असेल. फौजी माणूस, शिस्तीचा.

आता मूळ गोष्ट. आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला संध्याकाळी सभागृहात पडदा लावून पिक्चर दाखवतात. मागच्या वर्षी तो काकांनी निवडला होता. 'चिखलवाला'. चिखलाला वीसपैकी वीस. सुरुवातीला चौसष्ट माणसं होती. मध्यंतरानंतर एकोणीस उरली, त्यांतली सात झोपलेली. हे आकडे माझेच आहेत, मी मागे उभा राहून मोजले होते.

म्हणून यंदा समितीच्या सभेत सचिव भोयरताईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "यंदा गाणी असलेला पिक्चर लावू. मागच्या वर्षी लेकरं दोन तास नुसता चिखल पाहत बसली. माझ्या नातवानं दुसऱ्या दिवशी बूट घालून गादीवर उड्या मारल्या."

काका समितीत नाहीत, पण दाराशी उभे होते. आत आले. एरवी ते भोयरताईंशी वाद घालतात. त्या दिवशी हात जोडले.

"ताई, एकच पिक्चर लावा. डेकचीवाला. हा एक दाखवला का मंग म्या कोनाले पिक्चर सांगनार नाई. वही बी तुमच्या हवाली करतो."

काकांनी वही सोडायची म्हणजे भोयरताईंनी बोलणं सोडण्यासारखं होतं.

"गाणी आहेत का त्यात?" ताईंनी विचारलं.

"नाई."

"मारामारी?"

"थोडीशी. लांबून आवाज येते."

"मग आहे काय त्यात?"

काका जरा अडखळले. "डेकची हाय," म्हणाले.

समितीत आम्ही पाच जण. मतं दोन-दोन पडली. पाचवं माझं. मी सांगितलं की पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. कारखान्यात पेटी उघडल्याशिवाय माल पास करत नाही, इथेही करणार नाही.

रविवारी दुपारी मी काकांकडे गेलो. सकाळी तीन पोळ्या सांगितल्या होत्या, तीन खाल्ल्या. काकूंनी ताटं उचलली आणि त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "लग्नाले पन्नास वर्सं झाली, राजाभाऊ. एक पिक्चर पुरा नाई पाह्यला मी यायच्यासंगं. जेवला कवा, जेवला कवा! आज तरी पाहू द्या म्हनाव."

पिक्चर कोणत्या तरी थंड देशातला होता. काळा-पांढरा. बोलणं कळत नव्हतं आणि खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती. पण गोष्ट साधी होती. बर्फात एक पलटण, पडक्या गोठ्यात तिचा मुक्काम, आणि पलटणीला एक स्वयंपाकी. जाडा, बोलघेवडा, सगळ्यांना शिव्या देणारा.

मी वाट पाहत होतो की काका बटण आता दाबतील, मग दाबतील. त्यांनी रिमोट खाटेवर ठेवला होता. वीस मिनिटांनी काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. काकांना ताप आहे की काय, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

मग तो प्रसंग आला. संध्याकाळ. स्वयंपाकी गोठ्यात ओळीने वाडगे मांडतो. मोठ्या डेकचीतून रस्सा वाढतो. बाहेरून माणसं येऊन बसतात, वाडगा उचलतात, खातात. कोणी बोलत नाही. सगळ्यांचं खाऊन होतं आणि काही वाडगे तसेच राहतात. वाफ निघणारे. स्वयंपाकी दाराकडे बघतो. संगीत नाही, काही नाही. मग तो एकेक वाडगा उचलून रस्सा परत डेकचीत ओततो. माझ्या घड्याळाप्रमाणे एक मिनिट चाळीस सेकंद.

पिक्चर संपला. काकांनी वही काढून मला दाखवली. एकूण शहाण्णव. वहीतला सर्वांत मोठा आकडा. जेवणाला चाळीसपैकी छत्तीस.

"चार काहून कापले?" मीही नकळत त्यांच्याच बोलीत विचारलं.

"त्यानं रस्सा परत ओतला," काका म्हणाले. "ते बरोबर नाई. तसं करत नाई कोनी."

ते वहीकडे पाहतच पुढे बोलले.

"आमाले सकाळी गिनती सांगत. आज इतके जन जेवाले. तेवढ्याच पोळ्या टाकाच्या, जास्त नाई, कमी नाई. त्या दिवशी अडतीस सांगितले. मानशी चार. शामले एकतीस आले. म्या बावीस वर्साचा होतो. मले वाटलं, मागून येऊन राहिले असतीन. गिनती बदलली हे मले कोनं सांगितलंच नाई, राजाभाऊ. लांगऱ्याले कोन सांगते?"

सात माणसं. अठ्ठावीस पोळ्या. गुणाकार माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

"मंग त्या पोळ्यांचं काय केलं?" काकूंनी विचारलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या आवाजावरून समजलं.

"गरम ठेवल्या," काका म्हणाले. "सकाळपर्यंत."

काकू उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ चहा झाला नाही.

मी डेकचीवाल्याला मत दिलं. भोयरताईंनी मला विचारलं, "तुम्हाला तरी काय दिसलं त्यात?" मी म्हणालो, "माल पक्का आहे." काकांची गोष्ट मी सभेत सांगितली नाही. ती सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं.

काकांनी अट घातली की पिक्चरनंतरचा स्वयंपाक ते करणार. पोळी आणि आलू-वांग्याची भाजी. मी सव्वीस तारखेच्या सकाळी माझी वही घेऊन दारोदार फिरलो. सत्तावन्न माणसं, प्रत्येकी तीन, एकशे एकाहत्तर पोळ्या. काकांनी आकडा दोनदा विचारला. "पक्का?" "पक्का."

पाच वाजता पिक्चर सुरू झाला. अर्ध्या तासात गळती लागली. डेकचीच्या प्रसंगाला सभागृहात एकतीस माणसं होती. मी पुन्हा मोजली, तेवढीच भरली. काकांना तो आकडा सांगायची माझी हिंमत झाली नाही. भोयरताई शेवटपर्यंत बसून होत्या. बाहेर येताना म्हणाल्या, "गाणं एकही नाही. पण त्या बाप्याला कोणीतरी बसवून वाढायला पाहिजे होतं हो. सगळ्यांना वाढलं, स्वतः कुठं जेवला तो?"

काका तव्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं. "ताई," ते म्हणाले, "तुमाले कळला पिक्चर." वहीचं नाव मग ताईंनीही काढलं नाही.

मग मी उठून गेलेल्यांच्या घंटा वाजवत फिरलो. "नाव दिलंय, जेवायला चला." कोणी मालिका पाहत होतं, कोणी वरण लावलं होतं. वरण उतरवायला लावून त्यांनाही आणलं. पंचावन्न झाले. राहिले फक्त दुसऱ्या मजल्यावरचे बोरकर नवरा-बायको. फोन केला तर शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या रांगेत अडकलेले.

पंगत उठली. काकांनी परात पाहिली. "किती उरल्या?"

मला आकडा खोटा सांगता येत नाही. "सहा," मी म्हणालो. "पण बोरकर वाडीला अडकलेत. येऊन राहिले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग गॅस बारीक करून तवा पुन्हा ठेवला, सहा पोळ्या कापडात गुंडाळून त्यावर ठेवल्या आणि शेजारी स्टुलावर बसले. लोक घरी गेले. सतरंज्या उचलल्या गेल्या. काकू दोनदा बोलवायला आल्या. काका हलले नाहीत, दर दोन मिनिटांनी पोळ्या उलटत राहिले.

साडेआठला बोरकरांची स्कूटर फाटकात शिरली. मी धावत जाऊन त्यांना गाठलं.

"अहो, आम्ही वाडीलाच ढाब्यावर जेवून घेतलं," बोरकर हेल्मेट काढत म्हणाले. "रांग हलेचना. पोटात तीळभर जागा नाही."

"तुम्ही जेवलेले नाहीत," मी सांगितलं.

"म्हणजे?"

"प्रत्येकी तीन. सकाळी तुम्हीच सांगितल्या होत्या. माझ्याकडे लिहिलेल्या आहेत."

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोणास ठाऊक, पण बोरकर मुकाट्याने चालू लागले. दोघं सभागृहात बसले. काकांनी स्वतः वाढलं. दुसऱ्या पोळीला वहिनींनी नवऱ्याकडे केविलवाणं पाहिलं, तिसरीला बोरकरांनी कमरेचा पट्टा एक भोक सैल केला. पण खाल्लं.

"जेवले?" काकांनी मला विचारलं.

"जेवले."

"सगळ्या?"

"सहाच्या सहा."

काकांनी हात पुसले, वाकले, आणि गॅस बंद केला.